नापास व्हायची शिकवणी

"मी असलं काही केलेलं नाही."

"केलंयस. सात वर्षं केलंयस. आणि शिकवलं मी."

"तू? तू मला काय शिकवणार? तू पोरांना भूगोल शिकवतेस."

"हो. आणि तुला नापास व्हायला शिकवलं. ह्याच टेबलावर बसून. हात वर कर."

"कशाला?"

"कोट घालायचाय ना? का तसाच येणारेस, बनियनवर?"

त्याने हात वर केले, तेही दोन्ही आणि सरळ, पोलिसांनी पकडल्यासारखे. तिने एक हात खाली ओढून बाहीत घातला. कोट संघाचा होता. गडद निळा, खिशावर सोनेरी दोऱ्याचं चिन्ह, कोपरांवर झिजून चकाकी आलेली. बटणं त्याने स्वतः लावली आणि एक घर चुकून लावली. तिने सगळी सोडवून पुन्हा लावायला घेतली.

"अकरा वाजता तिथं विचारतील," ती म्हणाली. "तू एकच शब्द बोलायचास. हो. बाकीचं मी बघते."

"आणि मग माझे सामने खोडतील."

"अकरा. त्रेचाळीसमधले अकरा. बत्तीस राहतात."

"तुझ्या दहा बोटांतली तीन तोडू? सात राहतात."

असं काही बोलला की तिला वाटायचं, ह्याला काही झालेलंच नाही, हा आपली सगळ्यांची चेष्टा करतोय. मग तो आरशासमोर वळला आणि स्वतःच्या खिशावरचं चिन्ह बोटाने चाचपत म्हणाला, "आज सामना कुठं आहे?"

"सामना नाही. कमिटीपुढं जायचंय."

"हां. कमिटी." थोडं थांबून तो पुन्हा म्हणाला, "मी असलं काही केलेलं नाही."

हा खोटं बोलतोय की खरंच विसरलाय, हे तिला गेल्या दोन महिन्यांत कळलेलं नव्हतं. शाळेत पोरगं खोटं बोलायला लागलं की तिला त्याच्या कानांवरून कळायचं. ह्याचे कान रग्बीत धावत्याला धडकून पाडून पाडून कधीच फुलकोबीसारखे झाले होते, त्यांवरून काय कळणार!

त्याला सगळे कडी म्हणायचे. रग्बीत पंधरा माणसं असतात. चौदा पुढे भिडतात आणि पंधरावा एकटा मागे, आपल्या रेषेपाशी. त्याला फुलबॅक म्हणतात. पुढची फळी फोडून कोणी धावत आलाच, तर त्याच्यासमोर तो एकटा उरतो. घर बंद करताना शेवटी लावतात ती कडी. नाव शाळेत पडलं, वर्तमानपत्रांनी उचललं, आणि लग्नानंतर तिच्या आईनेही ते बिनदिक्कत वापरायला सुरुवात केली. "आमचे कडी आले का ग?"

पण आडवं पडणं हे त्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं आभाळातलं. समोरचा संघ मुद्दाम चेंडू उंच मारतो, इतका उंच की खाली येईस्तोवर चार श्वास घेऊन होतात. त्या चार श्वासांत कडीने मान वर करून उभं राहायचं, "माझा!" म्हणून ओरडायचं आणि अंगावर धावत येणाऱ्यांकडे बघायचं नाही. बघितलं की चेंडू सुटला. न बघता घेतला, तर पाय जमिनीला टेकायची खोटी, कोणाचा तरी खांदा कानशिलात बसलाच.

पहिला सामना बघून आल्यावर तिने विचारलं होतं, "तू खाली का बघत नाहीस रे?"

"खाली काय बघायचंय? यायचे ते येणारच."

तेव्हा हे उत्तर तिला फार आवडलं होतं. नवीन लग्न होतं.

रग्बी सोडली तर तो काचेच्या दुकानात कामाला होता. खिडक्यांची मापं घ्यायची, हिरकणीने काच कापायची, चौकटीत बसवून कडेने काच धरून ठेवणारं लुकण भरायचं. हिरकणीची रेघ एकदाच मारायची असते, दुसऱ्यांदा त्याच रेघेवर फिरवली की काच वेडीवाकडी फुटते. त्याची रेघ बघायला मालक हातातलं काम टाकून यायचा. एवढे मोठे, बोटांचे सांधे सुजलेले हात, आणि काच अशी उचलायचे जसं झोपलेलं मूल.

शिकवणीची गोष्ट तिथूनच सुरू होते, म्हणजे लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून. देशाच्या संघात त्याची पहिल्यांदाच निवड झाली होती आणि गेंडा जेवायला आला होता. गेंडा म्हणजे पुढच्या फळीतला सगळ्यात जाड माणूस, संघात आठ वर्षं मुरलेला. तो ज्या खुर्चीवर बसला तिचा एक पाय त्या दिवसापासून आखूड झाला, अजून तशीच आहे.

"वहिनी," गेंडा तोंडात घास असतानाच म्हणाला, "सोमवारी ह्याची परीक्षा आहे. ह्याला नापास करा."

"म्हणजे?"

"हंगाम सुरू व्हायच्या आधी संघाचा डॉक्टर डोक्याची चाचणी घेतो. दहा शब्द वाचून दाखवतो, पाच मिनिटांनी परत विचारतो. किती आठवले ते कागदावर लिहून फायलीत ठेवतो. मग हंगामात डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा. आधी दहा आठवत होते आणि आता सहाच, तर बसा घरी तीन आठवडे."

"बरोबरच आहे की मग."

"बरोबर कसलं, वहिनी! तीन आठवड्यांत जागा जाते. जुन्या पंधरा नंबरचं काय झालं? फार खरा माणूस. पहिल्या चाचणीत दहापैकी दहा. मार लागल्यावर सात. महिनाभर बसवला, म्हणून तर ह्याची निवड झाली. आता तो कायमचा बाहेर." गेंड्याने बोट चाटलं. "म्हणून आम्ही सगळे काय करतो, पहिल्या परीक्षेतच सहा काढतो. मग डोकं फुटलं तरी सहा. डॉक्टर म्हणतो, काही फरक नाही, शनिवारी खेळ."

"आणि डॉक्टरला कळत नाही?"

"डॉक्टरला शनिवारी पंधरा माणसं लागतात, वहिनी."

तिघंही हसले. ती सगळ्यात जास्त. पोरांना पास करता करता तिचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि इथे कोणीतरी नापास व्हायची शिकवणी मागत होतं! तिने तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला.

"सगळं चुकलास तर पकडतील," ती कडीला म्हणाली. "मास्तरांचं लक्ष दोघांकडेच जातं. शून्यवाल्याकडे आणि शंभरवाल्याकडे. तू साठवाला हो. साठवाल्याला कोणी बघत नाही."

तिने दहा शब्द लिहिले. चमचा, घोडा, पत्र, ढग, सुई, बाग, दोरी, लिंबू, पूल, टोपी. मग कुठले गाळायचे ते ठरवलं. चौथा आणि सातवा, कारण मधलं माणूस विसरतो. आणि नववा-दहावा, कारण पेपराच्या शेवटी पोरं दमतात, शेवटचे प्रश्न नेहमी कोरे राहतात.

"सोमवारी शब्द वेगळे असतील. तू जागा लक्षात ठेव. आणि सहावा सांगितल्यावर जरा अडखळ. डोकं खाजव. हं, म्हण."

"चमचा. घोडा. पत्र. ढग."

"ढग नाही म्हणायचा!"

"पण मला आठवतोय ग ढग!"

गेंड्याला ठसका लागला. त्या संध्याकाळी कडी बारा वेळा चुकीने बरोबर आला. तेराव्यांदा त्याला सहाच शब्द सांगता आले, नीट अडखळत, आणि दोघांनी मिळून त्याची पाठ थोपटली. सोमवारी त्याला सहा मिळाले. पुढच्या वर्षी सहा. त्याच्या पुढच्या वर्षीही सहा. मधल्या प्रत्येक माराच्या नंतर सहा. हंगामाच्या आधी एक दिवस टेबलावर उजळणी व्हायची, तोच कागद, तेच शब्द. तिला ते सणासारखं वाटायचं.

सात वर्षं तो देशाकडून खेळला. परदेशाहून येताना तिच्यासाठी हॉटेलातला छोटा साबण आणायचा, त्या त्या देशाचं नाव छापलेल्या कागदातला. तिने ते कधी वापरले नाहीत, बिस्किटांच्या डब्यात ठेवले. तिचा परदेश म्हणजे तो डबा. वर्गात नकाशा शिकवताना कुठल्याही देशावर छडी ठेवली की तिला आधी त्या साबणाचा वास आठवायचा.

आणि तो सामना. त्याच्यासाठी लोक अजून त्याला रस्त्यात थांबवतात. शेवटची सहा मिनिटं, दोन गुणांची आघाडी, समोर कितीतरी पटीने बलाढ्य संघ आणि परकं मैदान. त्यांनी तीनदा चेंडू आभाळात मारला, तीनदा कडीने आपल्या रेषेवर उभं राहून तो घेतला, तीनदा त्याला आडवा केला, आणि तीनदा तो उठला. पूर्ण देश त्या रात्री नाचला म्हणतात. तिने रेडिओला कान लावून ऐकलं आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

त्याच्या सहा दिवस आधी सरावात त्याचं डोकं गेंड्याच्या गुडघ्यावर आपटलं होतं. चाचणी घेतली. सहा.

परत आल्यावर गेंड्याने जेवताना किस्सा सांगितला. "वहिनी, सामना संपला, आम्ही सगळे नाचतोय, आणि हा बाकावर बसून बुटाची नाडी बांधतोय. वीस मिनिटं! शेवटी माझ्याकडे बघून म्हणतो, काय रे, जिंकलो का आपण?"

सगळे हसले. ती पण हसली. मग ताट उचलताना तिचं लक्ष कडीकडे गेलं. तोही हसत होता, पण दुसऱ्या कोणाचा किस्सा ऐकल्यासारखा.

बत्तिसाव्या वर्षी त्याला वगळलं. फोनवर कोणीतरी दोन मिनिटं बोललं आणि झालं. तो दुसऱ्या दिवशी आठ वाजता दुकानात हजर. मालक म्हणाला, "बरं झालं, आता शनिवारीही ये."

आठ वर्षं बरी गेली, म्हणजे तिने बरी मानली. मधूनच चिडायचा, एकदा भिंतीवर काचेचं ताट फेकलं आणि मग स्वतःच रडत तुकडे वेचले. डोकं दुखायचं. उजेड नको म्हणायचा. मग एक दिवस मालक घरी आला. एका दवाखान्याची दर्शनी काच कडीने वीतभर आखूड कापली होती. चूक कोणाचीही होते, म्हणून दुसरी दिली. तीही आखूड. तिसऱ्या काचेवर त्याने हिरकणी फिरवली, थांबला, आणि त्याच रेघेवर पुन्हा फिरवली.

"बाई, त्या रेघेचा आवाज ऐकूनच मी समजलो," मालक म्हणाला. "त्याला थोडे दिवस घरी बसू द्या." तो चपला घालून गेला.

आता कडी बेचाळीस वर्षांचा आहे. ती सकाळी साडेसातला शाळेत जायची तेव्हा तो घरी एकटा राहायचा. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा तो अनवाणी मैदानावर सापडला, आभाळाकडे बघत उभा, आणि वर काहीच नव्हतं. मग तिने बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. कुलूप लावताना ती शेजाऱ्यांकडे बघत नसे. पाचव्या दिवशी परत आली तर कुलूप जागच्या जागी, घर रिकामं. स्वयंपाकघराच्या खिडकीचं लुकण त्याने सुरीने खरवडून काढलं होतं, पूर्ण काच अलगद बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, एक ओरखडा नाही, आणि चौकटीतून उडी मारून गेला होता. ती त्या काचेसमोर किती वेळ बसून राहिली. एवढं नीट काम त्याने दोन वर्षांत केलं नव्हतं.

रग्बी संघटनेचं एक केंद्र होतं, खेळात डोक्याला इजा झालेल्या जुन्या खेळाडूंसाठी. सकाळी घेऊन जायचे, संध्याकाळी सोडायचे. डॉक्टर, व्यायाम, आवारात छोटं मैदान, आणि दारावर माणूस. तिने अर्ज केला. उत्तर आलं ते तिने पेपर तपासायच्या टेबलावरच उघडलं. 'खेळत असताना आणि खेळ सोडताना अर्जदाराचे सर्व चाचण्यांतील गुण समान आहेत. खेळामुळे स्मरणशक्तीत घट झाल्याचे दिसत नाही.'

सहा, सहा, सहा. म्हणजे हा माणूस पहिल्यापासूनच असा होता. हातात लाल पेन होतं, आणि कुठे खूण करावी ते तिला सुचेना. गुण तिनेच दिले होते.

तिने लिहून कळवलं की चाचण्या खोट्या होत्या. त्यावर सुनावणीची तारीख आली, आणि खाली नियम: चाचणीत जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिल्याचं खेळाडूने स्वतः मान्य केलं, तर इजा ग्राह्य धरून केंद्रात जागा मिळेल, पण मार लागल्यानंतर त्या चाचणीच्या आधारे खेळलेले सामने त्याच्या नावावरून काढले जातील. तिने तारखा लावून बघितल्या. अकरा सामने. त्यात तोही होता.

ती गेंड्याच्या दुकानात गेली. गेंडा आता टायर विकत होता.

"तू येऊन सांग. तूच हे आणलंस घरात."

गेंड्याने टायरवरची धूळ झटकली. "वहिनी, तुमच्यासाठी रात्री-अपरात्री धावून येईन. हे नका सांगू."

"का?"

"माझे सत्तावन्न आहेत. त्यातले किती जातील मला मोजवत नाही. पोरगी शाळेत सांगते, माझे बाबा सत्तावन्न." त्याने टायर उचलून रांगेत लावला. "जुना पंधरा नंबर परवा भेटला होता. त्या खऱ्या माणसाला अजून आम्हा सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत."

ती उठली. मागून गेंडा म्हणाला, "वहिनी, कडीला विचारलंत का? त्याला काय हवंय?"

विचारलं होतं. रोज विचारत होती. आणि रोज तेच. मी असलं काही केलेलं नाही.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर जाड काच. पलीकडे तिघं. मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, चष्मा दोरीने गळ्यात. डावीकडे मेंदूच्या आजारांचे एक सडपातळ डॉक्टर. उजवीकडे संघटनेचे चिटणीस, समोर फाईल.

कडी बसला आणि पहिलं काम केलं ते टेबलाच्या काचेच्या कडेवरून अंगठा फिरवायचं. "बारा एमएम. कड घासलेली नाही. कोणाचा तरी हात कापेल."

"बघून घेऊ," चिटणीस म्हणाले, आणि मग न राहवून, "कडी, तुमची ती शेवटची सहा मिनिटं मी तिथं बसून पाहिलीत. प्रत्यक्ष. पोरांना अजून सांगतो."

कडीचा चेहरा उजळला. "तिन्ही झेलले," तो म्हणाला. "तिसऱ्याच्या वेळी डोळ्यात ऊन होतं."

हे त्याला आठवत होतं. दोन वर्षांत एवढं एकच, स्वच्छ, उन्हासकट.

डॉक्टरांनी दहा शब्द वाचले. सावकाश, एकेक. भिंत, मासा, खुर्ची, नदी असे काहीतरी. मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं. आजचा वार त्याला सांगता आला नाही. पाच मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, "मघाशी मी काही शब्द वाचले. आठवतील तेवढे सांगा."

कडी ताठ बसला. हात गुडघ्यांवर ठेवले, पोरं तोंडी परीक्षेला ठेवतात तसे.

"चमचा," तो म्हणाला. "घोडा. पत्र. सुई. बाग." मग थांबला. डोकं खाजवलं. वर बघितलं. "लिंबू."

आणि तिच्याकडे वळून हसला, शाबासकी घ्यायला.

डॉक्टरांनी कागदावर बघितलं. "ह्यातला एकही शब्द मी वाचलेला नाही."

"माझे आहेत," ती म्हणाली. "ते माझे शब्द आहेत. सतरा वर्षांपूर्वीचे. मी त्याला हे सहा सांगायला शिकवलं होतं, आणि चार गाळायला. ढग, दोरी, पूल, टोपी."

"बाई, हे आम्ही कसं मानायचं?" अध्यक्षबाईंनी चष्मा लावला.

"फाईल उघडा. जुने कागद बघा. शब्द दर वर्षी वेगळे असतील. कुठले चुकले ते बघू नका, कितवे चुकले ते बघा." ती उभी राहिली होती, वर्गात राहते तशी. "दोन पोरांची उत्तरं सारखी आली तर मी काही म्हणत नाही. अभ्यास केला असेल. पण चुका सारख्या आल्या, की मी दोघांना उभं करते. माणूस एकाच जागी सात वर्षं विसरत नाही."

चिटणीसांनी कागद काढले. डॉक्टरांनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि पेन्सिलीने मोजत गेले. पेन्सिल दर कागदावर त्याच चार जागी थांबत होती.

"दहावा दर वर्षी गेलाय," डॉक्टर हळू म्हणाले. "शेवटचा शब्द ताजा असतो, तो माणूस सहसा विसरत नाही. शेवटचा गाळायचं कोणी सुचवलं?"

"मी. पेपराच्या शेवटी पोरं दमतात, म्हणून."

डॉक्टरांनी अध्यक्षबाईंकडे बघून मान हलवली. "हे विसरणं नाही. ह्याला आठवत होतं. सगळं आठवत होतं."

चिटणीसांनी फाईल मिटली आणि खालमानेने म्हणाले, "पण नियमाप्रमाणे खेळाडूने स्वतः सांगायला हवं. बाईंचं म्हणणं चालणार नाही. आणि सांगितलं तर ते अकरा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

अध्यक्षबाई कडीकडे वळल्या. आवाज मऊ केला. "मी एकच प्रश्न विचारते. नीट ऐका. ह्या चाचण्यांमध्ये तुम्ही मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होतीत का? हो म्हणालात तर तुम्हाला केंद्रात जागा मिळेल, उद्यापासून. पण मग तो सामना तुमच्या नावावर राहणार नाही. नाही म्हणालात, किंवा उत्तरच दिलं नाहीत, तर सामने राहतील आणि अर्ज बंद होईल. समजलं?"

"कुठला सामना?" कडीने विचारलं.

"तुमची सहा मिनिटं," चिटणीस म्हणाले.

कडीने तिच्याकडे बघितलं. तिने ओठांनीच दाखवलं. हो. एकच शब्द. टेबलावर बसून इतकी वर्षं हेच केलं होतं, ती म्हणेल ते त्याने म्हटलं होतं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की तो विसरलेला नाही. निदान आत्ता, ह्या घटकेला तरी नाही. डोळ्यांत तेच होतं जे त्या पहिल्या संध्याकाळी होतं. पण मला आठवतोय ग ढग.

"म्हण ना रे," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हण. मला नाही आता कुलूप लाववत."

त्याने मान वर केली. छताकडे बघत राहिला. एक श्वास. दोन. अध्यक्षबाईंनी पेन उचललं. तीन. चिटणीस पुढे झुकले. चार.

मग तो उठला. खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सारली. कोटाची बटणं वरून खाली चाचपली, सगळी आपापल्या घरात होती. काचेच्या त्या न घासलेल्या कडेपासून त्याने तिचा हात धरून बाजूला केला.

"कडी?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमचं उत्तर?"

तो दारापाशी पोचला होता. त्याने दार उघडलं आणि मागे न बघता बाहेर गेला. खाली जायचा जिना उजवीकडे होता. पावलं डावीकडे जाताना ऐकू आली.